वरचं पाणी

देवपुरात नळ येतो आठव्या दिवशी,
तोही रात्री अडीचला, आधी नुसती हवा सोडत.
त्या पाण्यात मी मीठ कालवते.
सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
हंडा कडेवरच राहिला त्यांच्या.
"लोक खाऱ्याचं गोड करायला बघतात
आणि ही बया!"

मीठ घरातलं नाही.
वीस किलोची बादली सुरतेहून ट्रॅव्हल्सने येते,
पहाटे हायवेवर उतरवताना क्लीनर विचारतो,
पापडखार का ताई? एवढा?
लिटरमागे पस्तीस ग्रॅम, वर एक चिमूट.
मग नळीला डोळा लावून रेघ शोधायची:
एक पूर्णांक शून्य दोन पाच.

आकड्यांची मला सवय आहे.
स्टेशनरोडच्या दवाखान्यात मी डायलिसिसची मशिनं लावते.
सोडियम एकशे अडतीस, पोटॅशियम दोन.
सहा दिवस माणसांचं पाणी,
रविवारी हे.

पहिले चाळीस दिवस टाकीत कुणीच नव्हतं.
दगड, वाळू, पंपाची घरघर
आणि एक कोळंबी, मुद्दाम कुजायला टाकलेली.
अमोनिया चढला. नायट्राइट चढलं.
मी रोज रात्री थेंब मोजायचे, नळी हिरवीगार व्हायची.
हेमराज म्हणाला, रिकाम्या खोलीचं भाडं भरतेस तू.
मग एका सकाळी नळी पिवळीच राहिली.
दगडांवर तपकिरी साय धरली होती.
कुजकं पचवायला ते शिकले होते,
आपण झोपलो असताना कधीतरी.

मे. बाहेर चव्वेचाळीस, टाकीत एकतीस.
प्रवाळ मुठी आवळून बसलेलं.
फ्रीजमध्ये भाजीला जागा नाही, सगळ्या बर्फाच्या बाटल्या.
लाइट गेली की हेमराज मगाने पाणी वर-खाली करतो,
शिव्या देत, पण करतो.
पाण्यावर पंखा लावला तर पाणी निवतं,
पण उडतंही. दिवसाला दोन लिटर.
काचेवर चिकटपट्टीची खूण आहे, तिच्याखाली उतरतं.
नवखा इथेच चुकतो.
कमी झालं म्हणून खारंच ओततो.
उडून जातं ते फक्त पाणी.
मीठ कुठेही जात नाही,
आहे तिथेच दाटत राहतं.
म्हणून वरून गोडंच घालायचं. हळू. खुणेपर्यंत.

सुकलाल अप्पा, न्याहळोदचे, मंगळवार-शुक्रवार.
सुया टोचलेल्या हाताकडे न बघता
चार तास माझ्या मोबाइलमधली टाकी बघायचे.
एका रविवारी पोराच्या मोटरसायकलवर बसून घरीच आले,
खुर्ची काचेपाशी ओढली.
बराच वेळ काही बोलले नाहीत. मग,
"मासा पानी पेतस का वं माय?"

नदीतला पीत नाही, मी म्हटलं. समुद्रातला पितो.
खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं,
म्हणून तो सारखा पितो,
आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो.

अप्पांना दिवसाला पाऊण लिटर,
चहा आणि वरण धरून.
ओठांच्या कडा चिरलेल्या.
"मंग त्यासनी चैन शे," म्हणाले
आणि माझ्या हातातला मग घेतला.
गोडं पाणी, काठोकाठ.
मी हात पुढे केला, अप्पा, म्हणाले,
पण ते वाकले होते टाकीवर.
बारीक धार धरून, थेंबही न सांडता ओतत गेले,
नारंगी मासा धारेखाली येऊन थांबला,
आणि पाणी चिकटपट्टीला टेकलं तसा मग सरळ केला.

"आखो लागी का?"

आज नको, मी म्हटलं.
उद्या लागेल.