पेटा

जांबोटीच्या वर, रान जिथं भाताला टेकतं तिथं,
लुमाण्णा मामानं रानकोंबडा उलटा टांगला
जांभळीच्या फांदीला, सुंभानं.
ठासणीची बंदूक बुंध्याला टेकवून म्हणाला,
"कंदील वर धर. काय बघूलालास?
ऊब हाय तोवर पिसं येत्यात. मागनं कातडं फाटतंय."

मी बघत होतो मानेची पिसं.
एकेकाच्या टोकाला पिवळा ठिपका,
खानापूरच्या इगर्जीत
फरशीवर सांडलेल्या मेणासारखा.
मामा मूठमूठ उपटून पोत्यात कोंबत होता.
एकही मागं नको.
गार्डाला आमचं मराठी येत नव्हतं,
पिसं मात्र वाचता येत.

मग शेपटाखाली चीर, बोटभर.
दोन बोटं आत, छातीच्या हाडाला धरून,
वळवायची, सावकाश ओढायची.
"पित्ताला धक्का नको. फुटलं तर रस्सा कडू,
आणि मामीचं तोंड त्याहून."
आतडी आली, वाफाळत.
बाहेर कार्तिकातली थंडी, आणि ही
माझ्या हातापेक्षा गरम.
काळीज बोराएवढं.
ते मी कुंभ्याच्या पानावर ठेवलं
आणि उगाचच वरून दुसरं पान झाकलं.

गळ्याच्या थैलीत आमचंच भात निघालं,
तुसासकट, ओढ्याकडच्या वाफ्यातलं.
"बघ, चोर हुता," मामा म्हणाला,
पण भाताखाली वाळवी होती, चांगली ओंजळभर,
आमच्याच बांधावरची.
मामानं ती बोटानं पसरून पाहिली
आणि चोर हा शब्द पुन्हा काढला नाही.

पेटा मला कापायला दिला. पहिल्यांदाच.
चाकू आतल्या खड्यांवर करकरला.
जांभ्याचे तांबडे कण, वाळू,
आणि हिरव्या काचेचा एक तुकडा,
दळून दळून गुळगुळीत,
धार कुठल्याच बाजूला नाही.

चुलीपुढं मामीनं तो तळहातावर घेतला,
हळदीचे हात तसेच.
"लावणीत फुटली हुती की माझी.
कुणाच्या पायात रुतंल म्हणून
किती हुडकला हुता ह्यो."
धुतला, पदराला पुसला,
देवळीत काडेपेटीशेजारी ठेवला.

मामानं रस्सा दोनदा घेतला.
तिसऱ्यांदा ती वाढायला वाकली तेव्हा
ताटावर हात आडवा धरून
देवळीकडं बघत बसला.