हातचा एक

देशाचा नकाशा भरायला सोपा. एकच रंग पुरतो.
चौरस किलोमीटरला पंधराएक माणसं:
ऑस्लोच्या ट्रामथांब्यावर उभी असलेली
आणि उत्तरेच्या पठारावर नसलेली
एकाच वाटीने मोजून सारखी वाढलेली.
खोटं नाही ते. सरासरी आहे.

मग प्रांत, मग तालुके.
रंग फाटत जातो. दक्षिणेला साय धरते,
फिनमार्क मात्र विसळलेल्या कपातल्या पाण्यासारखा.
इथवर राव्ना कुठेतरी दशांशचिन्हाच्या उजवीकडे,
तिसऱ्या-चौथ्या घरात.

मग मी जाळी टाकते. किलोमीटरभर लांब, तेवढीच रुंद.
आता देश उरत नाही. चौकोन उरतात,
बहुतेक पांढरे,
आणि पोर्सांगर फियोर्डच्या पश्चिम काठावर
एका चौकोनात
१.

नियम असा, की तीनपेक्षा कमी असतील
तर आकडा दाखवायचा नाही. माणूस ओळखू येतो.
मी करड्या रेघा मारल्या.

नोव्हेंबरात तिचा फोन आला.
दुकानातल्या पोराने नकाशा दाखवला म्हणे.
"माझ्या घरावर हे काय? धुकं?"
मी नियम सांगितला.
पलीकडे चुलीचं झाकण वाजलं.
"अगं, माझ्या खिडकीतला दिवा बघून
बोटी वळतात. तू मला लपवतेस कुणापासून?"

मला उत्तर सुचलं नाही.
"भाची आली हिवाळ्याला, तर?"
दोन. करडंच.
"आणि तीन झालो तर?"
तर छापता येईल.
"कुत्रं धरत नाहीत ना?"
नाही, म्हटलं. आणि दोघीही हसलो, जरा उशिराच.

मग तिने विचारलं, शेजारचा चौकोन
पांढरा कसा.
तिथे शून्य आहे, म्हटलं. शून्य लपवावं लागत नाही.
"तो इस्साटचा," ती म्हणाली,
आणि हवेचं काहीतरी बोलून फोन ठेवला.

मी जुनी आवृत्ती काढली.
गेल्या वर्षी तो करडा होता.

संध्याकाळी तालुक्याची बेरीज लावताना
पांढरे चौकोन भराभर सुटले.
करड्यापाशी पेन्सिल थांबली.
शाळेत बाई सांगायच्या,
खाली मांडता येत नाही ते वर लिहून ठेवा, बारीक,
विसरलात तर सगळं गणित चुकेल.

समासात लिहिलं: हातचा एक.
खोडलेलं नाही अजून.