चार बोटं

धारूरचा घाट उतरून डावीकडं वळलं की डांबर संपतं.
पुढं दोन चाकोऱ्या, मधे वरंबा,
वरंब्यावर तरवड,
तरवडात दबा धरून बसलेला एक दगड.
तीन वर्षं माझ्या जीपचं पोट तो ओळखतो.

खर्रर्र.
मग जरा वेळ काहीच नाही.
मग मागून सोजरबाई, मांडीवर लसींची पेटी घट्ट धरून,
"म्याडम, खालचं काही राह्यलंय का?"

गिअरबॉक्सखालच्या पट्टीवर इतके ओरखडे झालेत,
जणू कुणी रतिबाच्या रेघा ओढतंय.

पुण्याच्या माणसानं फोनवर सांगितलं:
चार इंच. गॅसचे शॉकअप, पिवळे बुश,
अडुसष्ट हजार, बसवणावळ वेगळी.
"लुकच बदलून जाईल, मॅडम."
अख्खी जीप मी लिलावात एकसष्टला घेतली होती.
बघते म्हटलं.

लातूरचा एक जण साडेचार हजारात ठोकळे देत होता,
पाटा आणि एक्सलच्या मधे दडपायचे,
पुढं-मागं सारखेच, एका दुपारचं काम.
रात्री वहीत दोन्ही आकडे लिहिले,
मधे पुष्कळ जागा सोडली.

केजच्या नाक्यावर इलाहीबक्ष मिस्त्रीनं
आकडे ऐकलेच नाहीत.
गोणपाट टाकलं, खाली शिरला.
बराच वेळ नुसत्या त्याच्या चपला दिसत होत्या
आणि बोटांची टकटक,
मी फुगलेल्या म्हशीची कूस वाजवते तशी.
आतूनच विचारलं:
"किती बोटं कमी पडती?"

हे मी मोजलं नव्हतं.
तीन वर्षं आपटले,
मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोजरबाईनं तुरीची काडी
सपाटीवर पट्टीखाली उभी धरून मोडली,
तीच चाकोरीत रोवून दगडाशी लावली.
दगड दोन बोटं वर.
"आपण दोघी बसलो, पेट्या चढल्या, की अजून दोन," ती म्हणाली
आणि काडी पदराच्या गाठीत बांधली.
पुरावा म्हणून असेल.

मिस्त्रीनं काडी उलटसुलट करून पाहिली.
"पाटे बसलेत वो. कमानच न्हाई राह्यली.
गाडी ठेंगणी न्हाई, दमलीय.
अन् हा मागचा गोळा कुनीच उचलत न्हाई,
एक्सल चाकाबरूबर, गोळा एक्सलबरूबर.
पुन्याच्या चार इंचात बी तो तिथंच राह्यनार."
"आणि ठोकळे?"
"म्होरल्या एक्सलला?"
त्यानं हात पुसले.
"घाटात ब्रेक मारल्यावर पाटा पिळला
तर मला फोन करू नका."

पाटे सुटले. घणाखाली एकेकाला पुन्हा कमान आली.
जालन्याच्या भंगारातून एका पिकअपचा पाटा,
नवे बुश, लांब ब्रेकचे पाइप,
शॉकअप जुने पण जिवंत.
अकरा हजार दोनशे.
वहीतल्या त्या मोकळ्या जागेत बरोबर मावले.

संध्याकाळी जीप उभी राहिली, चार बोटं वर,
शाळेतल्या फोटोत टाचा उचललेल्या पोरासारखी.
सोजरबाईनं आधी पेटी आत ठेवली,
मग पाय उचलला.
पोचला नाही.
पुन्हा उचलला, मग लुगडं सारखं करत
उगाच टायरकडं बघत उभी राहिली.

मिस्त्रीनं पाहिलं.
बोलला नाही. उसाच्या ट्रॉलीचा एक अँगल ओढून काढला,
तिच्या गुडघ्याखाली वीत लावली
आणि ठिणग्या उडू लागल्या.
वेल्डिंगचे पैसे विचारले तर म्हणाला,
"ते बिलात कुठं लिवू?"

आता त्या वळणावर तरवड पोटाला नुसता घासतो,
सर्र. पिवळी फुलं पट्टीत अडकून घरी येतात.
दगड आहे तिथंच आहे.
गोळा अजून कधीमधी टेकतो, तो टेकणारच.
सोजरबाई पायरीवर एक पाय ठेवून रोज म्हणते, चला.
माझे खांदे मात्र
त्या जागी अजून आखडतात.