वाजवत नव्हतो ती जागा

एकोणतीस फोटो. स्टुडिओ बंद झाला तेव्हा
रद्दीवाल्याच्या काट्यावरून मी परत उचलले.
मागे गाव नाही, साल नाही.
एकावर फक्त उधारी: बँडवाले, चौदा रुपये.

नवरत्न ब्रास बँड, निपाणी.
कोट लाल असणार, इथे करडे.
वडील तिसऱ्या रांगेत, युफोनियमच्या मागे;
पितळेचं तोंड एवढं थोरलं
की माणसाचं दिसतच नाही.
करंगळीवरून ओळखायचं,
तंबाखूच्या वखारीत दारात सापडून
वाकडी झालेली.

गावभर हिंडले फोटो घेऊन.
चाटे मार्केटात म्हणाले, हा गांधी चौक.
गांधी चौकात म्हणाले, चाटे मार्केटच की हे.
पाट्यांवरून लावू म्हटलं,
तर तेव्हाच्या मराठी, आता वर कानडी,
आणि दुकानांनीही धंदे बदललेले.
जिथे 'जर्दा' एवढंच वाचता येतं
तिथे आज मोबाईलची काच बसवून मिळते.

म्हणून भूपाल कोरवी.
साइड ड्रम. वय विचारलं की
"दोन मोतीबिंदू झालं," म्हणतो.
साखरवाडीत लेकीच्या घरी, पत्र्याखाली.
मी पाटीवर बोट ठेवलं, भिंग दिलं.
"मला ही बी येत न्हाई, ती बी न्हाई.
तू पाय दाखीव."

पाय?

"मेनेझिस मास्तरची टाच बघ, उचललीया.
चढ हाय. मुरगूड रोड.
ह्यात समदी गटार वलांडत्यात,
ढांग बघ लगमाण्णाची. महादेव गल्लीचं तोंड.
ह्यात गुंड्या सोडल्यात, दुपारची वरात.
शेठलोकांचा मुहूर्त
नेमका आमच्या भाकरीच्या वक्ताला."

असे सव्वीस लागले.
एक वाळवीनं खाल्लेला.
एकात नुसतं माळरान, कललेला विजेचा खांब,
बाभळीखाली अकरा माणसं, ढोल आडवा.
कोगनोळीच्या अलीकडं का पलीकडं? विचारलं.
"गाडी अडवून ठिवली की
दोनी बाजू सारख्याच दिसत्यात," म्हणाला,
आणि तो फोटो परत दिला.

राहिला एक.
चाल थांबलेली नाही, पण वाद्यं खाली.
क्लॅरिनेट काखेत, ट्रंपेट मांडीशी,
युफोनियम घागरीसारखं कमरेवर
आणि वर वडिलांचा चेहरा.
मिशी. मला कधी माहीत नव्हती.
ओठांवर माउथपीसचा गोल वळ.
माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान.

"सरकारी दवाखाना," भूपाल म्हणाला.
भिंत दिसत नाही, फाटक नाही, कशावरून?
"हितं आमी वाजवत न्हवतो.
नवरदेव घोड्यावर असू दे,
सुपारी पुरी दिल्याली असू दे, तरी न्हाई.
औषधाच्या दुकानापास्नं चिंचंपतोर
नुस्ता म्या. ड्रमच्या काठावर काडी.
न्हाईतर पाय चुकत्यात.
तुजा बा तेवढ्यात तंबाखू मळायचा."

किती अंतर असेल?

बोलला नाही. फोटो पालथा घातला
आणि त्याच्या कडेवर दोन बोटांनी
वाजवायला लागला, हलकं,
आत कुणी झोपलंय असं.
मी मोजत गेले.
मधे लेक चहा घेऊन आली,
कपबशी त्यानं डाव्या हातात घेतली,
उजवा चालूच.
चिंच आली तेव्हा थांबला.

मागच्या कोऱ्या बाजूवर
मी पेन्सिलीनं लिहिलं: त्रेचाळीस पावलं.
पुन्हा एकदा वाजवा म्हटलं
तर एकेचाळीस भरली.
तीही खाली लिहून ठेवली.