काही आढळलं नाही

लॉवेल ट्वेट गेला तेव्हा हँगरमध्ये
अठ्ठावीस घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या
आणि माणसं आली नव्वदच्या वर.
उरलेली उभी राहिली विमानाच्या पंखाखाली,
टोप्या हातात धरून.

पाद्रीबाईंनी कागद वाचला:
सैन्यात चार वर्षं, हेलिकॉप्टरचा मेकॅनिक.
काउंटीत डेप्युटी शेरीफ, सव्वीस वर्षं.
हवाई शोधपथकात स्वयंसेवक वैमानिक, एकतीस वर्षं.
मी मनात बेरीज केली. गणिताची शिक्षिका मी,
सवय जात नाही.
एकसष्ट. काही वर्षं एकावर एक पडलेली,
सुट्टीचे दिवस त्यानं आकाशात घालवले म्हणून.

त्याच्या उजव्या हाताला मी एकोणीस वर्षं बसले.
माझं काम खाली बघण्याचं,
डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसं,
फक्त मोंटानाच्या जानेवारीत तेलही गोठतं.

युद्धाबद्दल तो चकार शब्द काढत नसे.
इंजिन सुरू करण्याआधी मात्र
एकेक नट बोटानं चाचपायचा,
तपासणी कालच झालेली असली तरी.
एकदा विचारलंच, तर म्हणाला,
'एकदा मी चाचपला नव्हता.'
मग म्हणाला, वेळ लिही.
मी वेळ लिहिली.

पोलिसातलं रात्री कळायचं.
खाली शेतघरांचे दिवे, मैलामैलांवर एकेक,
आणि तो ते ओळखायचा, नकाशा न उघडता.
'तो ऑस्टबींचा. मधला मुलगा, ट्रॅक्टरखाली. एक्याऐंशी साल.
तो पिवळा हॅलिगनबाईंचा. नवरा, हमरस्त्यावर, बर्फात.
तिनं आधी मला कॉफी विचारली.
मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो?'
सव्वीस वर्षं ज्यांची दारं त्यानं वाजवली,
भल्या पहाटे, टोपी काढून,
त्यांच्या छपरांवरून जाताना
तो थ्रॉटल जरा मागे घ्यायचा.
नियमात तसं काही नव्हतं.

शोधाचं म्हणाल, तर
आम्हाला फारसं काही सापडलं नाही.
हे त्या कागदात नव्हतं.
नकाशाचे चौकोन पाडायचे, एकेक चौकोन विंचरायचा,
घळी, ओहोळ, पाइनच्या दाट रांगा,
आणि उतरल्यावर वहीत लिहायचं: काही आढळलं नाही.
मी मोजलंय. दोनशे सात वेळा, त्याच्या तिरप्या अक्षरात.
सापडलं नऊ वेळा. जिवंत दोनदा.
एक मेंढपाळ,
आणि एक कुत्रा, ज्याला कुणी शोधतच नव्हतं.

एकदा, सहाव्या दिवशी,
हरवलेल्या पोराची आई कुंपणाशी उभी होती.
माझे पाय उचलेनात. तो गेला.
सवयीनं हात टोपीकडे गेला, टोपी निघाली,
आणि बाईचा चेहरा बघून
त्यानं ती घाईघाईनं परत घातली.
'नाही, नाही, तसं नाही,' म्हणाला,
'सतराव्या चौकोनात तो नाही, एवढंच.
तिथं आता तुम्ही मनानंही जाऊ नका.'
त्या बाई आल्या होत्या हँगरमध्ये.
पोराचं काय झालं ते अजून कुणालाच माहीत नाही.
त्या शेवटपर्यंत उभ्या होत्या.

पुढच्या शनिवारी सरावाचं उड्डाण होतं.
डावीकडे नवा मुलगा, ड्वेन, हात घट्ट, मान ताठ.
पुढची सीट अजून लॉवेलच्या आखूड पायांपुरती ओढलेली,
ड्वेनचे गुडघे पॅनेलला लागत होते.
मागे घे म्हणायचं माझ्या जिवावर आलं,
मग त्यानं आपणच घेतली.

गावाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडे,
लॉवेलच्या घरात दिवा होता.
त्याची कॅरिन कपाटं आवरत असणार.
'थ्रॉटल जरा मागे घे,' मी म्हटलं.
'का? काही दिसलं?'
'नाही.'

उतरल्यावर वहीत तसंच लिहिलं.
दोनशे आठ.