बारदान

आकाराम डोणे पुण्याला जायच्या आदल्या दिवशी
गुळाच्या काट्यावर उभा राहिला.
एकशे चोवीस किलो, तीनशे ग्रॅम.
मी तोलाईदार. चपला काढ, म्हणालो.
म्हणाला, त्यांच्यात बूट घालूनच जोखत्यात.

शिरोलीच्या माळावर ट्रायल झाली होती.
एक गोरा मास्तर, गळ्यात शिट्टी.
त्यानं पळायला लावलं नाही, उंची विचारली नाही,
उसानं भरलेली ट्रॉली दाखवली, ढकल म्हणाला.
ट्रॉली गेली.
तिच्यामागनं आकारामही गेला.

अमेरिकन फुटबॉल.
पेठेतल्या पोरांनी विचारलं, बॉल पायानं का हातानं?
तो फोनवर सांगायचा,
बॉलचं मला काय बी इचारू नका,
आठ म्हैन्यात एकदाच हाताला लागला,
त्यो बी घरंगळत आल्याला.
माझं काम म्हंजे म्होरल्याच्या छातीवर जायाचं
आन् वाट सोडायची न्हाई.
दोघं आलं अंगावर तर उलट ब्येस,
तिकडं आपला एक गडी मोकळा.

बॉल फेकणाऱ्याला आडवा केला
की त्याला सॅक म्हणतात.
सॅक म्हणजे पोतं.
हे सांगताना बराच वेळ हसला होता.
जलमभर पोतंच उचललं की रं,
हितं फकस्त टाकायचं.

करिअर म्हणून लिहायचं तर एवढंच:
सामने अकरा.
पोती दोन.
उजवा गुडघा एक.
शेवटच्या दोन महिन्यांचा चेक, न वटलेला.

त्यातला एक सामना आम्ही पाहिला.
रात्री दीडला लागायचा, कुठल्याशा चॅनलवर.
यार्डाच्या गेटसमोर भुर्जीच्या गाडीवर
मालकानं घरचा छोटा टीव्ही आणून ठेवला.
चौदा हमाल, दोन ड्रायव्हर, मी.
स्टेडियम रिकामं. खुर्च्याच खुर्च्या.
सगळ्यांना हेल्मेट, तोंडाला जाळी,
आपला कुठला कळेना.
मग मला एक डावा पाय दिसला.
रवा खांद्यावर घ्यायच्या आधी
टाच जराशी बाहेर काढून तो रोवतो, तसा.
एक हात जमिनीवर टेकलेला.
आता माती उचलून कपाळाला लावतोय, असं वाटलं.
नाही लावली. गवत होतं.
तोच, मी ओरडलो, सत्त्याण्णव नंबर!
तेवढ्यात कॅमेरा बॉलमागं पळाला.

दर वेळी तेच.
आकाराम दोन सेकंद, वाकलेला,
मग पडद्यावर दुसरंच कोणीतरी धावतंय,
आणि पडद्याच्या बाहेर, डावीकडं कुठंतरी,
दोघं त्याच्या अंगावर.
पांडबानं टीव्हीच्या कडेला मान घालून बघितलं.
आरं, जरा हिकडं दाखवा की!

मी तीस वर्षं गूळ जोखतोय.
काट्यावर येतं ते सगळं पावतीवर येत नाही.
कापड वजा, सुतळी वजा, पोतं वजा.
बारदानाशिवाय माल उभा राहत नाही
आणि बारदानाला भाव नाही.
हे मीच रोज लिहितो.
त्या रात्री भुर्जी गार होईपर्यंत
ते कुणीतरी मला पहिल्यांदा सांगत होतं.

लीग मिटली. कुणी कळवलंही नाही,
मेसचा डबा यायचा थांबला, म्हणून समजलं म्हणे.
तो आला तेव्हा हंगाम ऐन भरात होता.
केएमटीतनं आधी काठी उतरली, मग पाय.
सीपीआरच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला,
विचारलं, ट्रक कुठला होता?

आता तो थप्पीशेजारी बसून रवे मोजतो,
नव्या पोरांवर खेकसतो:
कंबर न्हवं, मांड्या! मांड्यांनी उचल!
पगार माझ्यापेक्षा कमी.

परवा यार्डात नवा काटा आला, इलेक्ट्रॉनिक.
चाचणीला पहिलं त्यालाच उभं केलं.
एकशे सात.
आकाराम, म्हटलं, सतरा किलो तीनशेची घट.
लाल आकड्यांकडं बघत राहिला.
घट न्हवं, म्हणाला, येणं हाय.
लीगकडं.
लिव्हून ठेव.

लिहिलंय.
पानाच्या तळाला, पेन्सिलीनं.