नमुने

स्वयंपाकघराच्या दारामागे, जिथे गवत कधीच धड उगवलं नाही,
तिथे पाच नमुने मांडून ठेवलेत ऑक्टोबरपासून.
रोज सकाळी चहाचा उरलेला घोट
त्यातल्या एकावर ओतते.
डाग कोण धरून ठेवतं, कोण सोडून देतं,
हे दुकानाच्या पत्रकात नसतं.

इडवल म्हणतो, पोर्सिलेन घे.
शेवाळ नाही, डाग नाही, वीस वर्षांची हमी.
आणि आपली हमी कोण देणार, मी विचारते.
तो हसतो, खोकत नाही.
त्याने आयुष्यभर पोस्टात शिक्के मारले.

काँक्रीटची लादी पावसात ओल्या पुठ्ठ्यासारखी दिसते.
आणि वेल्समध्ये पाऊस नसतो कधी?
ती पहिल्याच आठवड्यात बाद.

वाळूचा दगड भारतातून आलाय म्हणे,
मधाच्या रंगाचा,
एका कडेला छिन्नीचे चार घाव, थोडे तिरके.
डावखुरा असावा.
त्याला विचारावंसं वाटतं,
तोंडाला फडकं तरी बांधायला देतात का रे तिथे?

आणि मग पाटीचा दगड. आमचाच, डोंगरापलीकडचा,
सुकला की करडा, भिजला की जांभळा.

बाबा सांगायचे, बोटाच्या पेराने ठोक.
खणखणला तर घे.
बद्द वाजला तर आत तडा आहे,
वरून कितीही गुळगुळीत असू दे.
मी सात वर्षांची, खाणीच्या उतारावर,
ठोकून ठोकून पेरं लाल,
आणि ते डोळे मिटून ऐकत उभे,
जणू चॅपलमध्ये मी ऑर्गन वाजवतेय.

नंतर एका मार्चमध्ये डॉक्टर प्रॉथरो आले.
बाबांच्या पाठीवर एक बोट टेकवून
त्यावर दुसऱ्याने ठोकत गेले,
वरून खाली, बरगडी बरगडी.
मी जिन्यावर बसले होते.
दार लोटलेलं होतं.
कुणी मला काही सांगितलं नाही.
मला आवाज कळत होता.

गेथिनचा यार्डातून फोन आला,
शुक्रवारपर्यंत सांगा, नंतर भाव चढेल.
पाटी ओली झाली की निसरडी,
इडवलच्या नव्या गुडघ्याला ती झेपणार नाही,
असं मी गेथिनला सांगितलं.
ते खरंही आहे.

विटा घेतल्या.
पाडलेल्या धोबीखान्याच्या, एका अंगाने काळ्या,
अजून साबणाचा वास येतो असं इडवलचं म्हणणं.
ठोकल्या तर ना खण ना बद्द,
नुसतं हं म्हणतात, झोपेतल्या माणसासारखं.
गेथिन म्हणाला, थंडीत पापुद्रे सुटतील.
सुटू देत.

खाली भर लागतेच, तिथे मात्र पाटीचा चुरा.
अडीच टन.
डोंगराएवढे ढीग पडलेत त्याचे, कुणाला नको असलेले.
काल ट्रक रिकामा झाला
तेव्हा तो एवढ्या आवाजात कोसळला
की शेजारची ओल्वेन खिडकीत आली.
मी फावडं घेऊन पसरत राहिले,
घराकडून गवताकडे, ऐंशीला एक,
पाणी निघून जाईल एवढाच उतार.
तोंडाला फडकं बांधलं होतं.

पोर्सिलेनचा नमुना परत द्यायचा राहिला.
त्यावर आता कोथिंबिरीसारख्या त्या पार्स्लीची कुंडी आहे.
डाग खरंच पडत नाही,
एवढं इडवलला कबूल करायचंय कधीतरी.